लाइट प्रोग्रॅमचा एक दिवस: १९५५चा ब्रिटिश रेडिओ घरी कसा लावावा

जुने ब्रिटिश विनोदी कार्यक्रम ऐकायला घेतले तेव्हा मी पहिल्याच फटक्यात एक चूक केली. ‘गून शो’चे पाच भाग एका रात्रीत, कानात हेडफोन खुपसून, पलंगावर आडवं पडून ऐकले. तिसऱ्या भागानंतर हसू येईना, पाचव्यानंतर डोकं ठणकायला लागलं. दिवाळीच्या फराळाचा डबा एका बैठकीत संपवावा आणि मग चकलीलाच नावं ठेवावीत, तसला प्रकार. हे कार्यक्रम आठवड्यातून एकदा, अर्धा तास, तेही जेवणानंतरची भांडी आवरता आवरता ऐकायचे म्हणून लिहिलेले होते. त्यांच्या पुढे-मागे बँड होते, बातम्या होत्या, डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी होती. हा शेजार काढून घेतला की निम्मी गंमत जाते.

म्हणून एक सुटा कार्यक्रम न ऐकता अख्खा दिवस लावायचा. तो कसा, ते इथे सांगतो. खर्च जवळजवळ नाही. तयारीला दोन संध्याकाळी लागतात.

आधी हे स्टेशन काय होतं ते समजून घ्या

युद्धकाळात सैनिकांसाठी चालणारी सेवा बंद करून बीबीसीने २९ जुलै १९४५ रोजी लाइट प्रोग्रॅम सुरू केला. गंभीर बातम्या, नाटकं, भाषणं होम सर्व्हिसवर. १९४६पासून अभिजात संगीत आणि जड चर्चा थर्ड प्रोग्रॅमवर. आणि गाणी, विनोद, मालिका, नाचाचे बँड हे सगळं लाइटवर. लाँगवेव्हवर १५०० मीटर आणि मीडियम वेव्हवर २४७ मीटर हे १९५०च्या दशकातले त्याचे आकडे. ३० सप्टेंबर १९६७ला हे नाव संपलं आणि त्या जागी रेडिओ १ आणि रेडिओ २ आले.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही घडण ओळखीची वाटेल. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्यांना दिवसाच्या प्रहराप्रमाणे श्रोता बदलतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. ऑल इंडिया रेडिओचे पहिले कंट्रोलर लायोनेल फील्डन हे १९३५ साली बीबीसीतूनच आले होते, तेव्हा घराण्याची खूण दिसली तर नवल नाही.

पहिली पायरी: तारीख पक्की करा

‘१९५०चं दशक’ असं मोघम ठरवलंत तर खिचडी होते. एक तारीख धरा. माझी शिफारस गुरुवार, २२ सप्टेंबर १९५५. त्याच संध्याकाळी लंडनमध्ये आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी पहिली दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि त्याच संध्याकाळी लाइट प्रोग्रॅमवरच्या ‘द आर्चर्स’ या मालिकेत ग्रेस आर्चर तबेल्याच्या आगीत घोडा वाचवायला गेली आणि मेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आयटीव्हीपेक्षा ग्रेसचीच चर्चा जास्त. रेडिओचा उतार सुरू होत होता खरा, पण तो उतरताना सुद्धा समोरच्याच्या पायात पाय घालून गेला.

दुसरी गरज रविवारची. ब्रिटिश रेडिओचा रविवार हे वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे शेवटी येतो.

तारीख ठरली की ‘रेडिओ टाइम्स’ची पत्रिका काढा. १९२३पासूनच्या या साप्ताहिकातल्या कार्यक्रमपत्रिका बीबीसीने ‘जीनोम’ नावाच्या संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत. तिथे दिनांक टाकायचा, स्टेशनांच्या यादीतून लाइट प्रोग्रॅम निवडायचा, की त्या दिवसाचा कार्यक्रम मिनिटासकट समोर येतो. तो वहीत हाताने उतरवून घ्या. छापून काढू नका. लिहिताना कुठल्या तासाला कोण ऐकत असेल हे आपोआप लक्षात येतं. एक ध्यानात असू द्या की पत्रिका आठवडाभर आधी छापली जायची, त्यामुळे ऐन वेळचे बदल तिच्यात नसतात.

दुसरी पायरी: ध्वनिमुद्रणं जमवा, भोकं राहू द्या

इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो, कारण हव्या त्या तारखेचं काहीच सापडत नाही. त्या काळी बरेच कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे आणि हवेत विरून जायचे. जे मुद्रित व्हायचे त्यातलंही पुष्कळ पुढे टाकून दिलं गेलं. जे टिकलं त्यातला मोठा वाटा बीबीसीच्या ट्रान्स्क्रिप्शन सेवेचा. परदेशी स्टेशनांना विकण्यासाठी ती निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढायची. ‘गून शो’ आज इतका भरपूर ऐकायला मिळतो तो याच तबकड्यांच्या कृपेने. उलट ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’सारखा रोजचा कार्यक्रम कुणाला जपावासा वाटणार? आपण तरी रोजची पोळी जपून ठेवतो का?

तेव्हा नेमका तोच भाग मिळवायचा हट्ट सोडा. त्याच कार्यक्रमाचा आगेमागे एखाद-दोन वर्षांतला भाग चालेल. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या रेडिओचे साठे आहेत. ‘हॅनकॉक्स हाफ अवर’, ‘गून शो’, ‘टेक इट फ्रॉम हिअर’ यांच्या सीडी निघालेल्या आहेत. ज्या वेळेचं काहीच मिळणार नाही तिथे तेव्हाच्या हलक्या वाद्यवृंदाचं संगीत लावा. एरिक कोट्स हे नाव शोधलंत तरी पुरे. ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ची संकेतधून त्यांची, ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ची त्यांचीच. आणि एखादा तास नुसता गप्प राहिला तरी बिघडत नाही.

तिसरी पायरी: आवाज बिघडवा

ही पायरी ऐकून लोक हसतात, पण सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. हेडफोन बाजूला. दोन स्पीकर असतील तर एक बंद. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतो तो चालू करा आणि इक्वलायझरमध्ये अगदी खालचा आणि अगदी वरचा स्वर दाबून टाका. मीडियम वेव्हवर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नसे. लाकडी कपाटावर, भिंतीला पाठ लावून स्पीकर ठेवलात तर आवाजाला थोडा घुमारा येतो.

शिस्तीचे नियम तीन. मागे न्यायचं नाही, थांबवायचं नाही, चुकलं ते चुकलं. दारावर कुणी आलं आणि विनोदाचा शेवट हुकला तर तो हुकू द्या. शेजारणीला “काय म्हणाला गं तो?” विचारावं लागणं हा त्या ऐकण्याचाच भाग होता.

घड्याळाचा हिशोब करत बसू नका. लंडनचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड की अडीच, या फंदात पडलात तर दिवसाची लय मोडते. त्यांचे सकाळचे नऊ ते आपले सकाळचे नऊ.

सकाळ: हात कामात हवेत

नऊ वाजण्याआधी टोल लावायचे असतील तर ग्रीनिचचे सहा ‘पिप’ लावा. १९२४पासून ते वाजतात, पण शेवटचा लांब करण्याची पद्धत १९७१ अखेरची. आपल्या दिवसात सहाही सारखेच आखूड हवेत. तुमच्या फायलीत शेवटचा पिप लांबलेला असेल तर तो कापा. एवढ्या बारकाव्याने कुणाला फरक पडतो, असं विचारू नका. असल्या उद्योगात बारकाव्याशिवाय दुसरं असतं काय?

९ वाजून १० मिनिटांनी ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’. १९४६ ते १९६७ चाललेला फर्माईशींचा कार्यक्रम. गृहिणी पोस्टकार्ड पाठवायच्या, निवेदक आलटून-पालटून बदलायचे. त्यांतला जॉर्ज एलरिक हा स्कॉटिश गायक संकेतधुनीवर स्वतःच शब्द रचून गायचा, ते मिळालं तर जरूर लावा. नवरा कामावर, पोरं शाळेत, आणि घरात पहिल्यांदा थोडी शांतता, अशी ही वेळ. तुम्ही या वेळी कणीक मळा, भाजी निवडा, नाहीतर कपडे वाळत घाला. खुर्चीत बसून हा कार्यक्रम ऐकणं म्हणजे रांगोळी दुर्बिणीतून बघणं.

एक प्रश्न इथे पडतो: तबकड्यांवरची गाणी इतकी लोकप्रिय होती तर दिवसभर तीच का लावली नाहीत? लावता येत नव्हती. रेकॉर्ड कंपन्यांशी आणि वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला आठवड्यात ठरावीक तासच तबकड्या वाजवता येत. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. उरलेला वेळ भरायला माणसं बसवून वाजवून घ्यावं लागे. त्यामुळेच इतके वाद्यवृंद, इतके बँड, आणि त्यामुळेच साडेदहाचा कार्यक्रम.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. २३ जून १९४० रोजी, युद्ध ऐन भरात असताना, कारखान्यांतलं उत्पादन वाढावं म्हणून हा सुरू झाला. रोज वेगळा बँड, अर्धा तास, मधे बडबड नाही. कारखान्याच्या भोंग्यांतून यंत्रांच्या खडखडाटावर मात करून ऐकू यायला हवं, म्हणून सूर ठळक आणि लय एकसारखी. झोप आणणारं मंद काही नको, आणि अति उत्साहाचंही नको. एका अमेरिकन गाण्यात टाळ्यांची जागा होती. कामगार हातातली अवजारं आपटून ताल धरतील या भीतीने ते वर्ज्य केलं गेलं. हा अर्धा तास तुम्ही स्वतः रचायचा. सात-आठ चटपटीत वाद्यधुना, एकीला एक चिकटवून. मधे शांतता राहिली तर तुम्ही नापास.

अकराला ‘मिसेस डेल्स डायरी’, म्हणजे आदल्या दिवशी दुपारी झालेल्या भागाचं पुनःप्रसारण. ५ जानेवारी १९४८ला सुरू झालेली ही रोजची मालिका. पार्कवुड हिल नावाच्या काल्पनिक उपनगरातल्या डॉक्टरची बायको आपली रोजनिशी वाचते आणि तिथून प्रसंग उलगडतो. नवऱ्याचं नाव जिम, आणि त्याच्याविषयीची तिची कायमची काळजी हा अख्ख्या देशाचा टिंगलीचा विषय होता. आपल्या ‘प्रपंच’मधल्या टेकाडे भाऊजींना घरचे समजणाऱ्या श्रोत्यांना डेलबाई परक्या वाटणार नाहीत, फक्त त्यांच्या चहाच्या कपाला बशी जरा जास्तच स्वच्छ आहे.

दुपार

पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पाव तास. १६ जानेवारी १९५०ला सुरू झाला. गोष्ट सुरू करण्याआधी बाई विचारायच्या, नीट बसलात ना? आणि मगच सुरुवात. घरात लहान मूल असेल तर या वेळी त्याला इंग्रजी ऐकवत बसू नका. तुम्हीच एखादी मराठी गोष्ट सांगा. वेळ तीच ठेवली की झालं.

दोनला ‘वुमन्स अवर’. ७ ऑक्टोबर १९४६च्या पहिल्या भागाचं निवेदन एका पुरुषाकडे, ॲलन आयव्हिमी यांच्याकडे होतं, यावर काही बोलायची गरज नाही. हा कार्यक्रम आजही चालू आहे. पावणेचारच्या सुमारास पुन्हा बँड, आणि त्यामागून डेलबाईंचा नवा भाग. दुपारी डोळा लागला तर लागू द्या.

पावणेसात: सगळे जागेवर

या पंधरा मिनिटांना इतिहास आहे. ७ ऑक्टोबर १९४६पासून या वेळी ‘डिक बार्टन’ नावाचा गुप्तहेर यायचा. दर संध्याकाळी त्याला मरणाच्या दारात सोडून भाग संपायचा, आणि गल्लीतली पोरं खेळ टाकून घरात पळायची. मार्च १९५१मध्ये तो बंद केला आणि १ जानेवारी १९५१पासून सकाळी पावणेबाराला चाललेली खेड्यातली एक मालिका या वेळेवर आणून ठेवली. तीच ‘द आर्चर्स’. गॉडफ्री बेझली या निर्मात्याचा मूळ हेतू शेतकऱ्यांच्या कानावर सुधारित शेतीची माहिती घालणं हा होता. अन्नधान्याचं रेशनिंग ब्रिटनमध्ये ४ जुलै १९५४पर्यंत चाललं हे लक्षात घेतलं तर हा हेतू किती निकडीचा होता ते कळतं. शेतीची माहिती मागे पडली, माणसं उरली. मालिका अजून सुरू आहे.

या वेळी हातातलं काम बाजूला ठेवा. घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवा, जमलं तर.

संध्याकाळ: विनोदाचा एकच अर्धा तास

सातला बातम्या ऐकून जेवून घ्या, आणि मग विनोदी कार्यक्रम एकच. दोन नाहीत. कोणता, ते इंग्रजी कानावर किती बसली आहे त्यावर ठरवा.

अगदी नवखे असाल तर ‘हॅनकॉक्स हाफ अवर’. २ नोव्हेंबर १९५४ला सुरू झालेला. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या लेखकांनी मधली गाणी काढून टाकली आणि अर्धा तास एकच गोष्ट चालवली. तोवर विनोदी कार्यक्रम म्हणजे चार चुटके, एक गाणं, परत चार चुटके. टोनी हॅनकॉक ईस्ट चीममधल्या २३, रेल्वे कटिंग्ज या पडक्या पत्त्यावर राहतो, स्वतःला थोर समजतो आणि जग त्याला ओळखत नाही. हा माणूस प्रत्येक सदाशिव पेठेत असतो, त्यामुळे भाषेची अडचण फारशी येत नाही. शब्दांइतकेच त्याचे उसासे ऐका.

थोडे सरावलात की ‘टेक इट फ्रॉम हिअर’. १९४८चा. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांचं लेखन शब्दांच्या कसरतींनी भरलेलं. निम्म्या कोट्या सुटतील, सुटू द्या. १९५३पासून त्यात ग्लम कुटुंब आलं. वर्षानुवर्षं लग्न ठरून राहिलेले रॉन आणि ईथ, आणि दर वेळी नको तेव्हा खोलीत टपकणारा बाप. हे ऐकताना ईथच्या आवाजातली जून व्हिटफील्ड लक्षात ठेवा.

‘एज्युकेटिंग आर्ची’ मी मुद्दाम मागे ठेवतो. रेडिओवर बोलक्या बाहुल्याचा खेळ! पीटर ब्रॉफचे ओठ हलतात की नाही हे दिसायची सोयच नाही, आणि तरी लाखो लोक ऐकत होते. एक भाग कुतूहल म्हणून ऐका; दुसऱ्याची गरज भासणार नाही.

आणि ‘गून शो’. हा होम सर्व्हिसवरचा, म्हणजे त्यासाठी काटा फिरवायला हवा. २८ मे १९५१ ते २८ जानेवारी १९६०. याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत. बालपणातली काही वर्षं पुण्याच्या कॅम्पात गेली. गोष्टीत धरबंध नाही, आवाज भिंतीतून येतात, माणसं स्फोटात मरतात आणि पुढच्या वाक्याला हजर असतात. मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला, पोट कायमचं बिघडलेला लाचखाऊ अधिकारी ऐकला की कुठल्या छावणीतली ही माणसं, ते आपल्याला जास्त चांगलं कळतं. त्याच्या पोटाच्या गडबडीचा आवाज पुढे बीबीसीच्या १९५८मध्ये स्थापन झालेल्या रेडिओफोनिक वर्कशॉपने घडवला, यंत्रांवर, गांभीर्याने. मात्र सावध करतो: पीटर सेलर्स आणि मिलिगन यांनी काढलेले हिंदी माणसांचे आवाज आज ऐकवत नाहीत. मी ते भाग काढत नाही, पण घरी पाहुणे असताना लावतही नाही. मधे मॅक्स गेल्ड्रे हार्मोनिका वाजवतो आणि रे एलिंग्टन गातो. चहाचं आधण तेव्हा ठेवायचं.

सगळ्या कार्यक्रमांत अश्लील काहीच कसं नाही, असं वाटेल. बीबीसीच्या व्हरायटी विभागाने १९४०च्या दशकाअखेर लेखक-निर्मात्यांसाठी एक नियमावली काढली होती, ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली जाते. संडास, मधुचंद्राची जोडपी, बायकांचे अंतर्वस्त्र, मोलकरणी, सशांची प्रजोत्पत्ती, फिरते विक्रेते यांच्यावर विनोद करायला बंदी. म्हणजे चावटपणाचे सगळे राजमार्ग बंद. मग लेखकांनी गल्ल्या शोधल्या. साध्या वाक्यावर प्रेक्षागृहात अचानक मोठा हशा पिकला की समजा, गल्ली सापडलेली आहे.

पैशांचे विनोद समजायला एवढं पाठ करा: बारा पेनीचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, अडीच शिलिंग म्हणजे हाफ क्राउन. रेडिओचा परवाना १९४६पासून वर्षाला एक पौंड होता.

रात्री अकराला ‘अ बुक ॲट बेडटाइम’, पुस्तकाचं क्रमशः वाचन. दिवे मंद करा. गुरुवार इथे संपला.

रविवार वेगळा लावा

रविवारची सुरुवात दुपारी बाराला करा. मटण शिजत घाला, किंवा तुमच्याकडे रविवारी जे शिजतं ते. बाराला ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’: जर्मनीत ठेवलेल्या ब्रिटिश फौजेतले जवान आणि मायदेशातली त्यांची माणसं यांच्यातल्या फर्माईशी. लंडनच्या स्टुडिओत जीन मेटकाफ, हॅम्बुर्गच्या फौजी स्टेशनवर क्लिफ मिशेलमोर, मधे तार. दोघांनी एकमेकांना न पाहता आधी आवाज ऐकला आणि १९५०मध्ये लग्न केलं. हा कार्यक्रम ऐकलेल्या माणसांच्या आठवणींत संकेतधुनीबरोबर भाजत्या मांसाचा वास हमखास येतो. म्हणून स्वयंपाक सोडू नका. तो या दिवसाचा निम्मा पार्श्वध्वनी आहे.

दीडला बिली कॉटनचा बँड. “वेकी-वेकी!” अशी त्याची आरोळी. १९४९मध्ये हा कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला असायचा. रात्रीचे कार्यक्रम करून आलेले वादक पेंगलेले, त्यांना जागं करायला तो एकदा ओरडला आणि ती आरोळीच ओळख झाली. पुढे वेळ दुपारची झाली, आरोळी राहिली. ताटं वाढायची ही वेळ.

मग जेवणानंतरची सुस्ती, आणि इथे तारखेचा नियम एकदाच मोडा. हॅनकॉकचा २२ एप्रिल १९५८चा भाग लावा, ज्यात चार माणसं रविवारी दुपारी घरात बसून कंटाळतात. बास, एवढंच. पाऊस, बंद दुकानं, वाचून झालेली वर्तमानपत्रं, जांभया. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड समजला जाण्याच्या काळात या लोकांनी लांबच लांब शांतता ठेवल्या. जेवून सुस्तावल्याशिवाय हा भाग ऐकू नका.

रात्री अकराला लाइट प्रोग्रॅम सोडून द्या आणि काटा २०८ मीटरवर न्या: रेडिओ लक्झेंबर्ग. युद्धापूर्वी बीबीसीचे रविवार इतके सोवळे होते की हसता-गातं काही ऐकायला लोक समुद्रापलीकडचं हे व्यापारी स्टेशन लावू लागले, आणि ती सवय टिकली. रविवारी अकराला तिथे टॉप ट्वेंटी. लाटा रात्रीच्या आकाशातून परतून यायच्या, त्यामुळे आवाज वर चढायचा, मग ऐन गाण्यात विरायचा. हे करायला दर मिनिटाला आवाजाचं बटण हळूहळू खाली-वर न्या. पोरांना हे काम दिलंत तर ती आनंदाने करतात. मधे होरेस बॅचलरची जाहिरात यायलाच हवी. फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावून जिंकायची युक्ती तो विकायचा, आणि ब्रिस्टलजवळच्या आपल्या गावाचं नाव कुणी चुकवू नये म्हणून दर वेळी एकेक अक्षर सोडवून सांगायचा: के-ई-वाय-एन-एस-एच-ए-एम, केन्शम. शेवटच्या दोन अक्षरांवर आवाज अगदी बारीक करा.